प्रवाहाची आठवण : प्रस्तावना

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. पावसाळा लागला की नैर्ऋत्येचा मोसमी वारा इथं दिवसरात्र वाहतो आणि चक्क्यांच्या कमाईचे महिने सुरू होतात. ८० मीटर उंच खांबावरची, ४४ मीटर लांब पात्यांची एक चक्की डोळ्यांसमोर आणा. मिनिटाला १६ फेरे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती संथ वाटते, पण पात्याचं टोक ताशी २६५ किलोमीटर वेगानं हवा कापत असतं. फेऱ्याच्या माथ्यावर, जमिनीपासून १२४ मीटरवर, त्या टोकाला मिळणारा वारा हा तळाशी, ३६ मीटरवर मिळणाऱ्या वाऱ्यापेक्षा साधारण वीस टक्क्यांनी जोरदार असतो. तळाशी खांब आडवा येतो. खांबापुढची हवा अडून मंदावलेली असते, आणि पात्याचा मधला भाग तो मंद पट्टा सेकंदाच्या चौदाव्या हिश्श्यात पार करतो. त्यात वाऱ्याचे स्वतःचे झोत असतात, पुढच्या रांगेतल्या चक्कीनं घुसळून सोडलेली हवा असते. एका फेऱ्यात दोन क्षणही या पात्याला सारखा वारा लाभत नाही. वीस वर्षांच्या आयुष्यात असे दहा कोटींहून जास्त फेरे होतात.

या पात्यावर कोणत्या क्षणी किती बल पडतं, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. पातं हे निमित्त. हलणाऱ्या वस्तूभोवती आणि बदलत्या वाहत्या द्रव्यात काय घडतं याचं शास्त्र पाखराच्या पंखाला लागू पडतं, विजेच्या तारेला पडतं, पुलाला, केळीच्या पानाला, विहिरीवरून शेतात नेलेल्या पाइपलाइनला आणि तापीच्या पुरालाही पडतं.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतात तेव्हा सुरुवात स्थिर प्रवाहापासून होते, आणि ती रास्तच आहे. पाइपात पाणी एका वेगानं चाललं आहे, पंखावरून वारा एका वेगानं सरकतो आहे, एका ठिकाणी उभं राहून पाहिलं तर घड्याळाचे काटे फिरले तरी काहीच बदलत नाही. बर्नुलीचं समीकरण इथंच लावायला मिळतं, गणितं सुटतात, पंप निवडता येतो. अडचण पुढे होते. अभ्यासक्रम संपतो आणि विद्यार्थी स्थिर प्रवाह हाच मूळ नियम समजून बाहेर पडतो; बदलता प्रवाह म्हणजे किरकोळ दुरुस्ती, असा त्याचा समज होतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जगातला जवळजवळ सगळा प्रवाह बदलता आहे, आणि तो बदलता असतो तेव्हा त्याच्यात एक असा गुण येतो जो स्थिर प्रवाहाच्या समीकरणांत दिसूच शकत नाही. त्याला आठवण असते.

हे नीट समजून घ्यायला एक सपाट, पातळ पट्टी घ्या. स्थिर हवेत ती थोडी तिरकी धरा आणि एकदम पुढे ढकला. स्थिर प्रवाहाचं गणित सांगतं की अमुक वेग, अमुक तिरकेपणा, म्हणून अमुक उचल. प्रत्यक्षात पहिल्या क्षणाला त्याच्या निम्मीच उचल मिळते. कारण पट्टी निघाली की तिच्या मागच्या कडेवरून एक भोवरा सुटतो. पट्टीभोवती हवेचा जो फेर तयार होतो, त्याच्या उलट दिशेला हा भोवरा फिरत असतो, आणि तो जवळ आहे तोवर पट्टीची उचल दाबून धरतो. पट्टी जसजशी दूर जाते तसतसा त्याचा हात सैल होतो. उचल नव्वद टक्क्यांपर्यंत यायला पट्टीला स्वतःच्या रुंदीच्या साधारण सहापट अंतर कापावं लागतं. हे गणित हर्बर्ट वॅग्नर यांनी १९२५ साली मांडलं. पट्टीनं मधेच तिरकेपणा बदलला तर नवा भोवरा सुटतो, त्याचाही हिशोब सुरू होतो. म्हणजे या क्षणाचं बल जाणायचं तर या क्षणाचा वेग आणि कोन कळून भागत नाही. आत्तापर्यंत पट्टी कशी कशी हलली, तो सगळा इतिहास हवा. तो मागे राहिलेल्या भोवऱ्यांच्या रूपानं हवेतच लिहिलेला असतो.

आता साक्रीच्या पात्याकडे परत या. पात्याच्या बाहेरच्या भागाची रुंदी सव्वा मीटर धरली आणि तिथला वेग सेकंदाला ५५ मीटर धरला, तर सहा रुंद्या कापायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. खांबापुढचा मंद पट्टा त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात संपतो. खांबाचा परिणाम पात्यावर पुरता उमटायच्या आत खांब मागे पडलेला असतो, आणि तो अर्धवट परिणाम खांब गेल्यावरही रेंगाळतो. स्थिर प्रवाहाचं कोष्टक उघडून इथलं बल वाचणारा डिझायनर चुकतो, आणि त्या चुकीचा गुणाकार दहा कोटींशी होतो. धातू असो की फायबरग्लास, तो थकतो तो अशाच गुणाकारानं.

या शास्त्राचा इतिहास सांगताना अठराव्या शतकातल्या एका पेचापासून सुरुवात करावी लागते. घर्षण नसलेल्या आदर्श द्रवातून सारख्या वेगानं जाणाऱ्या वस्तूला काहीच रोध होत नाही, असं दालांबेर यांचं गणित सांगत होतं. नदीत काठी धरून उभा असलेला कोणीही त्याच्या उलट साक्ष देईल. पुढे नाविए यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये द्रवाच्या चिकटपणाला समीकरणात जागा दिली, हेल्महोल्ट्झ यांनी १८५८ मध्ये भोवऱ्यांचे नियम सांगितले, तरी पेच पुरता सुटला नव्हता. तो सोडवला लुडविग प्रांटल यांनी, १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत वाचलेल्या एका छोट्या निबंधानं. चिकटपणाचा सगळा खेळ वस्तूला लगटून असलेल्या पातळ थरात, म्हणजे सीमास्तरात चालतो, असं त्यांनी दाखवलं. तो थर वस्तूपासून सुटला की मागे भोवरे तयार होतात, आणि रोधाचा मोठा वाटा तिथून येतो. प्रांटल यांचं गॉटिंगेन हे पुढची तीस वर्षं या विषयाचं माहेरघर होतं. वॅग्नर यांच्या आधी बदलत्या उचलीचं गणित करणारे बिर्नबाउम तिथलेच. दंडगोलामागे एकाआड एक सुटणाऱ्या भोवऱ्यांची रांग कधी टिकते हे १९११-१२ मध्ये सांगणारे थिओडोर फॉन कार्मान हेही तिथूनच पुढे आले.

या गॉटिंगेनमध्ये एक मराठी माणूस होता, आणि त्याच्यासाठी मी इथं थोडा थांबणार आहे. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, कोल्हापूरकडचे. प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९३६ साली ती पदवी मिळवून ते परतले. पुढे बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी काम केलं, भारतीय विज्ञान संस्थेतल्या विमानशास्त्राच्या शिक्षणाच्या पायाभरणीत त्यांचा हात होता, आणि १९५१ साली आकाशात गेलेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान त्यांच्या नेतृत्वाखाली आखलं गेलं. हवाई दलाच्या वैमानिकांच्या पिढ्या त्या विमानावर उडायला शिकल्या. एका बाजूला सीमास्तराचं सर्वांत खोल गणित आणि दुसऱ्या बाजूला चाकं, पंख, इंजिन जुळवून उडणारी वस्तू, हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून झालं. मराठी वाचकांना विमानविद्या म्हटली की शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ ची चौपाटी आठवते. त्या उड्डाणाला भक्कम पुरावा नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला दिला जातो, त्यातली विमानं उडू शकत नाहीत हे बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासून दाखवलं. अभिमानच बाळगायचा तर घाटगे यांचा बाळगावा. त्यांचं विमान खरोखर उडालं.

दुसरी परंपरा कागदावर जन्मली नाही, अपघातांतून जन्मली. १९१६ मध्ये इंग्लंडच्या हॅंडली पेज बॉम्बफेकी विमानाची शेपटी उडताना जोरजोरात पिळवटू लागली. इंग्रज अभियंते लॅंचेस्टर यांनी पाहिलं, तर शेपटीच्या डाव्या-उजव्या झडपा वेगवेगळ्या हलत होत्या आणि एकमेकींच्या हालचालीला खतपाणी घालत होत्या. दोघींना एका जाड नळीनं जोडलं आणि दुखणं थांबलं. पंख लवतो, त्यामुळे हवेचं बल बदलतं, बदललेलं बल पंखाला आणखी लववतं. या चक्राला फ्लटर म्हणतात. त्याचं नेटकं गणित थिओडोरसेन यांनी अमेरिकेत १९३५ मध्ये दिलं. त्यात वॅग्नर यांची आठवण एका फलनाच्या रूपात येते, आणि ते फलन आजही वापरात आहे.

टाकोमाच्या पुलाची गोष्ट याच परंपरेतली. १ जुलै १९४० ला वाहतुकीला खुला झालेला हा झुलता पूल ७ नोव्हेंबरला ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. आपल्याकडची पाठ्यपुस्तकं अजूनही तो अनुनादाचा नमुना म्हणून शिकवतात: भोवरे सुटण्याची लय आणि पुलाची लय जुळली, म्हणून पूल पडला. हे चूक आहे आणि ते बदलायला हवं. त्या वेगाला पुलामागून भोवरे सेकंदाला साधारण एक या गतीनं सुटत असणार. पूल मात्र मिनिटाला बारा वेळा, म्हणजे पाच सेकंदांतून एकदा पिळवटत होता. लय जुळतच नव्हती. पुलाची स्वतःची हालचालच वाऱ्यातून शक्ती ओढून घेत होती. तो फ्लटरचाच भाऊबंद आहे.

भोवऱ्यांची लय खरोखर जिथं जुळते अशी उदाहरणं खानदेशात डोक्यावरच टांगलेली आहेत. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या परिसरातून ज्या उच्चदाब वाहिन्या निघतात त्यांच्या मनोऱ्याजवळ तारेला नीट पाहा. डंबेलसारखी दोन वजनं छोट्या तारेवर लटकलेली दिसतील. स्ट्रुहाल यांनी १८७८ मध्ये तारांच्या गुणगुणण्याचा अभ्यास करून जो नियम काढला त्यानुसार तीन सेंटिमीटर जाडीच्या तारेवरून सेकंदाला चार मीटरचा मंद वारा वाहिला, तर सेकंदाला साधारण २६-२७ वेळा भोवऱ्यांची जोडी सुटते. तार तितक्याच वेळा थरथरते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण वर्षानुवर्षं असं चाललं की पकडीजवळ तारेचे पेड तुटू लागतात. ही वजनं ती थरथर खाऊन टाकतात. स्टॉकब्रिज नावाच्या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात काढलेली ही युक्ती आहे. मला तिचं कौतुक वाटतं ते तिच्या साधेपणाचं.

आता पाण्याकडे. हवेवर काम करणारे आणि पाण्यावर काम करणारे आपल्या कॉलेजांत दोन वेगळ्या विभागांत बसतात. सिव्हिलवाले कालवे आणि धरणं पाहतात, मेकॅनिकलवाले टर्बाइन आणि पंखे. विषयाचं यात नुकसान होतं. निकोलाय झुकोव्स्की या रशियन गणितज्ञाचं उदाहरण मी मुद्दाम पुढे ठेवतो. १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याचे पाइप फुटत होते. झुकोव्स्की यांनी प्रयोग केले आणि सांगितलं, वॉल्व्ह एकदम बंद केला की पाण्याचा स्तंभ थबकतो आणि दाबाची लाट पाइपातून आवाजासारखी धावते. याच झुकोव्स्की यांनी १९०६ मध्ये पंखाची उचल आणि पंखाभोवतीचा हवेचा फेर यांचं नातं सिद्ध केलं. त्यांच्यासाठी पाइप आणि पंख एकाच शास्त्राचे विषय होते.

जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला झुकोव्स्की यांचा सिद्धान्त नावानं माहीत नसेल, पण अनुभवानं पाठ आहे. विहिरीपासून शेताच्या टाकीपर्यंत एक किलोमीटर पीव्हीसी पाइप आहे, पाणी सेकंदाला दीड मीटर वेगानं चाललं आहे. स्थिर प्रवाहाच्या हिशोबानं सहा किलोचा पाइप पुरेसा, म्हणून तोच घेतला. पीव्हीसीत दाबाची लाट सेकंदाला साधारण ४०० मीटर धावते. पाणी एकदम अडलं तर दाबात ६ किलोची भर पडते, म्हणजे आणखी ६० मीटर उंच पाण्याचा भार. आधीच असलेल्या दाबावर हे ओझं चढलं की पाइपाची पूर्ण ताकद आणि वर काही संपते. 'एकदम' म्हणजे किती? लाट टोकाला जाऊन परत यायला पाच सेकंद लागतात. त्याच्या आत बंद केलेला कोणताही वॉल्व्ह पाइपाच्या दृष्टीनं एकदमच बंद झालेला असतो. लाइट जाते तेव्हा वेगळंच घडतं: पंप थांबतो, पाणी ओढीनं थोडं पुढे जातं, चढ असेल तर मागे फिरतं आणि नॉन-रिटर्न वॉल्व्हवर आदळतं. रात्री धाडकन आवाज येतो, सकाळी चर खणून सांधा शोधायचा. ठिबक सिंचनाचा देशभर प्रसार ज्या जळगावातून झाला, तिथं एअर वॉल्व्ह कुठं बसवायचा आणि वॉल्व्ह सावकाश का फिरवायचा हे प्रत्येक कृषी पदविकेत शिकवलं गेलं पाहिजे.

तापीचा पूर हीही अशीच लाट, फक्त तिची चाल दिवसांत मोजावी लागते. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की सुटलेलं पाणी प्रकाशा गावाकडे, पुढे उकाई धरणाकडे निघतं. वाहत्या पात्रातल्या अशा लाटेची समीकरणं सें-व्हेनां यांनी १८७१ मध्ये लिहिली. त्यांच्यातून निघणारी एक गोष्ट नदीकाठच्या प्रत्येक प्रशासकानं लक्षात ठेवावी. पूर चढताना आणि उतरताना मोजपट्टीवर पाण्याची उंची तीच दिसली, तरी वाहून जाणारं पाणी सारखं नसतं. चढत्या पुरात ते जास्त असतं, कारण लाटेच्या पुढच्या बाजूला पाण्याचा उतार तीव्र असतो. नदीलाही मागचा इतिहास विचारावा लागतो. १९१६ मध्ये सुरू झालेली, पुण्याजवळ खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था अशा प्रश्नांवर काम करत आली आहे. तिथले प्रतिकृतीवरचे प्रयोग हा मराठी वाचकांसाठी स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे.

रावेर-यावलच्या केळीबागांकडे मी जास्त वेळ दिला आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मे-जूनमध्ये, घड भरात आलेले असताना, वावधन सुटतं आणि अर्ध्या तासात उभ्या बागा आडव्या होतात, हे जवळजवळ दरवर्षी घडतं. हा वारा मोसमी वाऱ्यासारखा नसतो. ढगाखालून थंड हवा कोसळते, जमिनीवर आपटून सगळीकडे पसरते, आणि तिच्या आघाडीला वाऱ्याचा वेग काही मिनिटांत कित्येक पटींनी वाढतो. दहा मिनिटांच्या सरासरीत हा फटका विरघळून जातो. झाड मात्र तीन सेकंदांच्या झोतानं पडतं. फळपीक विम्यात वेगाचा वारा हा एक निकष आहे, त्यामुळे वारा किती वेळाच्या सरासरीनं मोजायचा हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही. तो शेतकऱ्याच्या खात्यावर येऊन ठेपतो.

केळीच्या पानाची रचना पाहण्यासारखी आहे. मधली शीर जाड, देठ पन्हळीसारखा खोलगट. खोलगट आकार वाकायला जड आणि पिळायला सोपा असतो, म्हणून वारा आला की पान मोडण्याआधी पिळून वाऱ्याकडे पाठ करतं. तरीही जोर वाढला तर पान बाजूच्या शिरांच्या मधून फाटतं आणि त्याच्या चिंध्या होतात. त्या चिंध्या वाऱ्यात आडव्या होऊन फडफडतात आणि रोध कमी होतो. न लवणाऱ्या फळीवरचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, लवणाऱ्या पानावरचा त्याहून बराच सावकाश. स्टीव्हन व्होगल या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये झाडांची पानं वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून हे मोजलं. जोराच्या वाऱ्यात पानं स्वतःला गुंडाळून शंकूसारखी होतात हे त्यांनी दाखवलं. केळीचं दुर्दैव पानात नाही, खोडात आणि घडात आहे. खोड म्हणजे पानांच्या आवरणांची गुंडाळी, त्यात लाकूड नाही, आणि माथ्यावर वीस-पंचवीस किलोंचा घड. वजन वर गेलं की डोलण्याची लय संथ होते. एका झोतानं झुकलेलं झाड परतीच्या झोक्यात असताना दुसरा झोत कोणत्या क्षणी येतो यावर त्याचा निकाल लागतो. म्हणून पट्ट्यांनी झाडांना एकमेकांत बांधणं हे वजन पेलण्याइतकंच लय मोडण्याचंही काम करतं.

बागेभोवती शेवरी लावण्याची खानदेशातली जुनी रीत या शास्त्राच्या कसोटीवर फार चांगली उतरते. पक्की भिंत वारा अडवते खरी, पण भिंतीवरून उडी मारलेला वारा पलीकडे भोवऱ्यांसह जमिनीवर उतरतो. साधारण निम्मी मोकळी, निम्मी भरलेली झाडांची ओळ वाऱ्याला आतून थोडा थोडा झिरपू देते, भोवरे मोठे होऊ देत नाही, आणि तिच्या उंचीच्या दहा-वीस पट अंतरापर्यंत आडोसा देते. आजच्या कोणत्याही सल्लागारानं याहून वेगळा सल्ला दिला नसता.

जिवंत पंखांनी या शास्त्राला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवी दिशा दिली. स्थिर प्रवाहाचं गणित लावलं तर भुंग्याला उडता येणार नाही, असा निष्कर्ष १९३४ मध्ये एका फ्रेंच पुस्तकात छापला गेला होता. भुंग्यानं तो वाचला नाही हा विनोद सगळ्यांना ठाऊक आहे. खरं उत्तर त्याहून रंजक आहे. १९७३ मध्ये वाइस-फोग यांनी एन्कार्सिया या, पांढऱ्या माशीवर वाढणाऱ्या, मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशीचं उड्डाण पाहिलं. ती दोन्ही पंख पाठीवर टाळीसारखे मिटते आणि पुस्तक उघडावं तसे उघडते. उघडताच दोन्ही पंखांवर तयार फेर मिळतो, वॅग्नर यांनी सांगितलेली वाट पाहावीच लागत नाही. कापसावरच्या पांढऱ्या माशीनं हैराण झालेल्या खानदेशात या चिमुकल्या कीटकाची ओळख शेतीशास्त्रातून आधीच आहे. १९९६ मध्ये एलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या पतंगाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक भोवरा चिकटून राहतो आणि तो उचल वाढवतो हे धुरानं दाखवलं. हेलिकॉप्टरच्या पात्यांवर असाच भोवरा १९६० च्या दशकापासून डोकेदुखी ठरला होता: कोन झपाट्यानं वाढला की उचल मर्यादेपलीकडे वाढत जाते, मग भोवरा निसटतो आणि सगळं कोसळतं, कोन कमी करत परत येताना उचल जातानापेक्षा कमी मिळते. पुन्हा तीच आठवण. लीशमन आणि बेडोस यांनी १९८९ मध्ये त्यासाठी बांधलेलं प्रारूप आज पवनचक्क्यांच्या गणितातही वापरतात.

संगणकाची शाखा सर्वांत तरुण, आणि तिच्या पायाभरणीत आणखी एक मराठी नाव आहे. सुहास पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि मुंबईच्या आयआयटीतून शिकून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले. तिथं ब्रायन स्पॉल्डिंग यांच्याबरोबर त्यांनी १९७२ मध्ये 'सिम्पल' ही पद्धत प्रसिद्ध केली. वेग आणि दाब एकमेकांत गुंतलेले असतात, एक ठाऊक नसेल तर दुसरा काढता येत नाही. अंदाज घ्या, चूक मोजा, दुरुस्त करा, पुन्हा करा, असा तो मार्ग. पुढे इस्सा यांनी १९८६ मध्ये बदलत्या प्रवाहासाठी त्याचं भावंड काढलं. आज जळगावच्या किंवा शिरपूरच्या कॉलेजातला विद्यार्थी लॅपटॉपवर पंखाभोवतीचा प्रवाह रंगवतो तेव्हा आतमध्ये बहुतेक वेळा हेच गणित फिरत असतं. पाटणकरांचं १९८० चं पुस्तक जगभर वाचलं गेलं. ते मराठी विद्यार्थ्यानं मुळातून वाचावं, असा माझा आग्रह आहे, कारण रंगीत चित्र दिसलं म्हणजे उत्तर बरोबर आलं असं मानण्याची सवय फार पसरली आहे.

हा विषय आत्ताच मराठीत का आणायचा? महाराष्ट्रात पवनऊर्जेची क्षमता पाच हजार मेगावॉटच्या घरात आहे, आणि पहिल्या पिढीतल्या चक्क्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. जुन्या काढून मोठ्या बसवायच्या, की आहेत त्यांचं आयुष्य वाढवायचं, हा निर्णय पात्यांच्या थकव्याच्या हिशोबाशिवाय घेता येत नाही. नव्या चक्क्या उंच आणि लांब पात्यांच्या असतील, त्यांच्या मागे राहणारी घुसळलेली हवाही लांब जाईल. सेकंदाला दहा मीटरच्या वाऱ्यात पाचशे मीटर मागे असलेल्या चक्कीला पन्नास सेकंदांपूर्वी पुढच्या चक्कीनं काय केलं ते भोगावं लागतं. वेग दहा टक्क्यांनी घटला तर वाऱ्यातली शक्ती सत्तावीस टक्क्यांनी घटते. साक्रीच्या पठारावर जमिनीचे, विशेषतः वनजमिनीचे वाद झाले आहेत. कमी जागेत जास्त वीज कशी काढायची हे ठरवताना हे गणित त्या वादातही कामाला येईल. २०२३ च्या ड्रोन दीदी योजनेनंतर फवारणीचे ड्रोन बचत गटांच्या हाती येत आहेत. ड्रोनखालचा झोत केळीच्या पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचवतो की शेजारच्या शेतात उडवतो, हे उडण्याच्या उंचीवर आणि वेगावर ठरतं, आणि त्याची मोजमापं आपल्याच बागांत व्हायला हवीत. शिरपूरच्या धावपट्टीवर तरुण मुलंमुली विमान चालवायला शिकतात. सातपुड्याच्या उतारावरून येणारा झोत पंखाला काय करतो हे त्यांना मराठीत वाचायला मिळावं.

हे पुस्तक म्हणून दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिलं आहे, आणि दोघांना सारखाच न्याय देता आला आहे असा माझा दावा नाही. अकरावी-बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र असलेल्या वाचकाला मुख्य मजकूर समजावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी वॅग्नर, थिओडोरसेन आणि झुकोव्स्की यांची समीकरणं पूर्ण मांडली आहेत आणि प्रत्येकाशी खानदेशातला एक आकडेवार हिशोब जोडला आहे. आवाजापेक्षा जास्त वेगाच्या विमानांचा भाग मी सोडला. तो मोठा आहे आणि त्याची भूमी वेगळी आहे. आगगाड्यांचाही बराच भाग सोडावा लागला, जरी भुसावळसारख्या जंक्शनवर फलाटाशी उभं राहून जाणाऱ्या गाडीच्या दाबाचा धक्का आणि मागची ओढ कोणालाही अनुभवता येते. हवा आणि पाणी मात्र मी वेगळे केले नाहीत. पाइप फुटण्याच्या लगेच पुढे फ्लटर येतो आणि पुराच्या शेजारी पात्याचा थकवा येतो, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, म्हणून पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं.

प्रत्येक भागाच्या शेवटी मोजायची कामं दिली आहेत. त्यांना महागडी उपकरणं लागत नाहीत. बऱ्याच मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला २४० चित्रं घेऊ शकतो, आणि तेवढ्यावर शेवरीच्या कुंपणामागे धुराची दिशा किती वेळा बदलते, केळीचं झाड एका झोतानंतर किती वेळा डोलून थांबतं, पाइपलाइनवरच्या दाबमापकाचा काटा वॉल्व्ह फिरवताना कसा उडतो, हे सगळं नोंदवता येतं. केळीच्या अशा नोंदी मृगबाग आणि कांदेबाग या दोन हंगामांतल्या लागवडीप्रमाणे वेगवेगळ्या ठेवाव्यात, कारण वादळाच्या महिन्यात दोन्हींतल्या झाडांची उंची आणि घडाचं वजन सारखं नसतं. ज्या कॉलेजांना हे एकत्र करता येईल त्यांनी तारीख, वेळ, ठिकाण आणि वारा मोजल्याची उंची लिहायला विसरू नये. उंचीशिवाय वाऱ्याचा आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही.